नावाचा रकाना

"मुलगी ना? मग पेढे नाही, बर्फी लागते," खिडकीपलीकडचे बाळाराम म्हात्रे हसून म्हणाले आणि त्यांनी जन्माचा दाखला जाळीखालून पुढे सरकवला.

दशरथने तो घेतला. "आणतो साहेब," एवढंच बोलून मागच्या माणसाला जागा देत तो बाजूला झाला.

मुलीला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

खरं तर दाखला घ्यायला यायची काही गरज नव्हती. पण मुलगी असताना त्याने अर्ज केला होता, त्याची पावती शर्टाच्या खिशात होती आणि पावतीवर तारीख होती. कागदावर तारीख दिली की त्या तारखेला जायचं, एवढंच दशरथला कळत असे. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात नऊ वर्षं तो स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारत होता. मशीनवर उभं राहायचं, तोंडाला फडकं बांधायचं, संध्याकाळी काळे झालेले हात घासून धुवायचे आणि नवघरच्या चाळीतल्या खोलीवर परतायचं. रेशनच्या, रॉकेलच्या, दवाखान्याच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी तो बोलत नसे. खिडकीतला माणूस "उद्या या" म्हणाला की उद्या जायचा.

लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगी झाली होती. चार जूनला, पहाटे. गावाहून, संगमेश्वरकडून, त्याची आई सरूबाई येऊन राहिली. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की बारसं इथे चाळीत करायचं नाही. गणपतीला सगळं घर गावी जमेल, दशरथची बहीण येईल, तीच बाळाच्या कानात नाव सांगेल. नाव कुठलं, ते भटजींना राशीचं अक्षर विचारून ठरवू. दशरथ हो म्हणाला. सासूपुढे मिनल तशीही कमीच बोलायची. त्यामुळे अडीच महिने मुलगी नुसती छकुली होती. एसटीची तिकिटं काढून झाली होती. निघायला चार दिवस उरले असताना तिला ताप भरला, छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दशरथने दाखला घरी आणला आणि कुठे ठेवावा ते न कळून फ्रीजवर ठेवला. मिनलने तो खाली काढला, खिडकीशी नेऊन वाचला. आईचं नाव, बापाचं नाव, जन्माची तारीख, ठिकाण, सगळं बरोबर होतं. बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

"इथे काहीच नाही," ती म्हणाली.

दशरथ म्हणाला की नाव ठेवलं नव्हतं, म्हणून अर्जातही लिहिलं नव्हतं. नंतर घालता येतं असं तेव्हा सांगितलं होतं.

मिनलने दाराकडे बघितलं. सरूबाई बाहेर नळावर गेल्या होत्या.

"तिला नाव होतं," ती हळूच म्हणाली. "सान्वी. तुम्ही कामावर गेलात, आई बाजारात गेल्या की मी तिला सान्वी म्हणायचे. ती बघायची माझ्याकडे."

एवढे दिवस एकाच खोलीत राहून हे आपल्याला माहीत नव्हतं, याचं दशरथला नवल वाटलं.

मिनल पुढे म्हणाली, "कानात नाव आत्याने सांगायचं असतं. मी बारशाच्या आधीच सांगून बसले. म्हणून झालं असेल का हो असं?"

नाही, असं काही नसतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "नाव मी घालून आणतो."

सरूबाईंना रात्री जेवताना हे कळलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. गेलेल्या पोराचं नाव सरकारात लिहून काय मिळवायचं आहे, असं त्यांनी विचारलं. उद्या दुसरं मूल होईल, त्याच्या वाटेत हे कशाला? असल्या गोष्टी जितक्या लवकर पुसल्या जातील तितकं बरं, आम्ही पण पुसल्याच की, असंही त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. दशरथने आईला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. पण सोमवारी त्याने गाळ्यावर अर्ध्या दिवसाची रजा सांगितली.

खिडकीत म्हात्रेच होते. ते भाईंदरचेच. वडिलांच्या काळापर्यंत त्यांच्या घरचे सगळे मिठागरावर राबले होते. आता मिठागराच्या बऱ्याच जागेवर इमारती होत्या आणि म्हात्रे, महानगरपालिका व्हायच्या आधी नगरपालिका होती तेव्हापासून, दाखल्यांच्या खिडकीत बसत होते. रोज शंभर तोंडं बघूनही त्यांनी दशरथला ओळखलं.

"काय, बर्फी कुठेय आमची?"

दशरथने अर्जाचा कागद आत सरकवला. मग जाळीच्या जवळ तोंड नेऊन म्हणाला, "मुलगी गेली साहेब. तुम्ही बर्फी म्हणालात ना, तेव्हाच गेलेली होती."

म्हात्र्यांचा हात शिक्क्यावरच राहिला. मागून कुणी तरी "चलो भाई, लंच हो जाएगा" म्हणालं. म्हात्र्यांनी त्याला हातानेच थांबवलं आणि दशरथला बाजूच्या दारातून आत बोलावून स्टुलावर बसवलं.

त्यांनी अर्ज वाचला, रजिस्टर काढलं, मग दुसरं, मृत्यूचं रजिस्टर काढून तारीख ताडून बघितली. तिथेही नावाच्या जागी रेघच होती. वडिलांच्या नावापुढे 'यांची मुलगी' एवढंच लिहिलेलं.

"हे बघ दशरथ," म्हात्रे आवाज खाली आणून म्हणाले, "नाव लोक कशासाठी घालतात? शाळेसाठी, पासपोर्टसाठी. तुला याचा उपयोग काय? उगाच फेऱ्या मारशील, कामाचे दिवस बुडतील. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

एरवी दशरथ उठला असता. "बरं साहेब" म्हणून निघालाही असता. त्याचे पाय तसे वळलेही. पण तो स्टुलावरून हलला नाही.

"उपयोग काही नाही साहेब," तो म्हणाला. "पण तिला नाव होतं. हिने ठेवलं होतं. मला आत्ता कळलं."

म्हात्र्यांनी चष्मा काढला. रुमालाने पुसत बसले. मग एकदम आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "आमची आय नऊ पोरांची. जगलो आम्ही पाच. शाळा तिला ठाव न्हाय, पन इचारलं का नवाची नव नावं सांगायची. एक बी इसरली न्हाय."

अर्ज त्यांनी परत दिला नाही. त्यावर तारीख घातली, नंबर टाकला, आणि गुरुवारी ये म्हणाले. सही आरोग्य खात्याच्या डॉक्टर मॅडमची लागते आणि त्या पोलिओच्या मोहिमेत आहेत.

गुरुवारी मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मयत बाळाचं नाव घालण्याचा अर्ज त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. नियम बघावा लागेल, त्या म्हणाल्या. शिवाय अर्जावर आईची सही होती, पण आई समोर नव्हती. पुढल्या सोमवारी दोघांनीही यावं, असं त्यांनी सांगितलं. त्या कोरडेपणाने बोलल्या नव्हत्या, पण होही म्हणाल्या नव्हत्या. गाळ्यावर मुकादमाने विचारलं, सारखं ऑफिसात काय काम निघतंय तुझं? दशरथ म्हणाला, मुलीचं आहे.

मिनल महिन्याभरात चाळीबाहेर पडली नव्हती. सोमवारी तिने केस विंचरले, घडीची साडी नेसली. निघताना सरूबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त पाय आवरून घेतले आणि वाट दिली.

ऑफिसात भिंतीला लागून बाकं होती. एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती, तिच्याशेजारीच जागा होती. दशरथने मिनलला दुसरीकडे उभं राहू असं खुणेने सांगितलं. पण मिनल तिथेच जाऊन बसली. बाळाने तिच्या बांगडीला हात घातला, तो तिने घालू दिला.

म्हात्रे त्यांना आत घेऊन गेले. मॅडमनी नियमांची पुस्तिका उघडूनच ठेवली होती.

"मी वाचलं सगळं," त्या म्हणाल्या. "जन्माच्या नोंदणीपासून वर्षाच्या आत आईवडिलांनी लेखी सांगितलं तर नाव घालायचं, असं आहे. बाळ हयात पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मयत बाळाचं घालू नये असंही नाही. मी सही करते. पुढे कुणी विचारलं तर उत्तर मी देईन." मग मिनलकडे बघून त्यांनी विचारलं, "नाव तूच ठेवलंस?"

मिनलने मान हलवली.

"बारसं झालं होतं?"

"नाही. मीच कानात सांगितलं होतं. आधीच," मिनल म्हणाली. "तसं सांगायचं नसतं ना मॅडम?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. क्षणभर त्या ऑफिसातल्या साहेब राहिल्या नाहीत, डॉक्टर झाल्या. म्हणाल्या, "तिला न्यूमोनिया झाला होता. पेपर आहेत माझ्यासमोर. नाव सांगितल्याने कुणाला काही होत नाही. आईचा आवाज ऐकून गेली ती. ते चांगलंच झालं."

मिनल पहिल्यांदाच रडली. दवाखान्यात रडली नव्हती, घरीही नाही. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, बराच वेळ. कुणी तिला थांबवलं नाही. म्हात्रे पाण्याचा ग्लास आणून टेबलावर ठेवून गेले.

ती शांत झाल्यावर मॅडम म्हणाल्या, मृत्यूच्या नोंदीतही रेघच आहे. आता हात लागलाच आहे तर तिथेही नाव घालायला सांगते, वेगळा अर्ज नको.

दशरथ हो म्हणणार होता. दोन्ही कागद सारखे असावेत, एवढीच त्याची समजूत.

"तिथे नको," मिनल म्हणाली.

मॅडमनी वर बघितलं.

"जन्माच्या कागदावर पाहिजे. त्या दुसऱ्या कागदावर रेघच राहू दे."

मॅडमनी तिच्याकडे बघून हळूच मान डोलावली आणि अर्जावर सही केली.

बाहेर खिडकीत म्हात्रे कॉम्प्युटरवर नाव टाईप करायला बसले. दशरथ जाळीजवळ उभा होता. मागे रांग होती, लोक चुळबुळत होते. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "साहेब, स्क्रीन जरा इकडे फिरवा. बघू दे एकदा. न अर्धा पाहिजे, व ला जोडलेला." आयुष्यात पहिल्यांदा त्याने खिडकीतल्या माणसाला काम करून दाखवायला सांगितलं होतं. म्हात्र्यांनी मुकाट्याने स्क्रीन फिरवला. दशरथने एकेक अक्षर बोटाने वाचलं, खालचं इंग्रजीतलंही वाचलं, आणि मगच बरोबर आहे म्हणून सांगितलं.

कागद हातात आल्यावर मिनल म्हणाली की घडी घालायची नाही, हा खराब होता कामा नये. म्हणून दोघं केबिन रोडवर गेले. दुपारची वेळ, तरी रस्ता भरलेला. साड्यांची दुकानं, फळांच्या गाड्या, रिक्षांचे हॉर्न. झेरॉक्सच्या छोट्या दुकानात एक माणूस लॅमिनेशनचं मशीन लावून बसला होता. त्याने दाखला घेतला, तारीख वाचली आणि सवयीने सांगायला लागला.

"भाभी, ओरिजिनल लॅमिनेट मत करो. स्कूल में अॅडमिशन के टाइम झंझट होता है. पहले झेरॉक्स निकाल लो. पाच-सहा काढून ठेवू का?"

दशरथ रस्त्याकडे बघायला लागला.

"झेरॉक्स नको," मिनल म्हणाली. "एवढा एकच."

माणसाने खांदे उडवले. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनच्या फटीत लावला. कागद हळूहळू आत गेला आणि पलीकडून चकचकीत होऊन बाहेर आला. त्याने तो उचलून मिनलच्या हातात दिला.

"अभी गरम है. ठंडा होने तक मोड़ना मत."

मिनलने पदर पुढे ओढला आणि दाखला दोन्ही हातांवर आडवा घेतला. गर्दी त्यांना घासून जात होती. कुणाचा धक्का लागू नये म्हणून दशरथ तिच्यापुढे, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. कागद निवेपर्यंत ती दोघं तिथून हलली नाहीत.