विहिरीवरचं इंजिन

हर्षदचं मांडवीत गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांचं त्याला वेड होतं. म्हणून पूर्णगडच्या भागोजीतात्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या विहिरीवरच्या पंपाला पूर्वी एका मोटारीचं इंजिन जोडलेलं होतं. ते रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या मोटारीचं, असं तात्यांचे वडील सांगत आणि तात्याही जन्मभर गावाला तेच सांगत आले. राजाची गाडी कोणत्या कंपनीची होती, एवढं त्यांना डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

हर्षदने विहिरीजवळ पडून असलेल्या त्या इंजिनावरची काजळी रॉकेलने पुसली. चार सिलिंडर, व्हॉल्व्ह बाजूला. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर मात्र वर, हेडवर उभा. तिथेच त्याला अंदाज आला. डावं अंग ब्रशने घासल्यावर ठोकलेला नंबर दिसला. सुरुवातीला ‘सीए’. म्हणजे फोर्डचं मॉडेल ए, कॅनडात बनलेलं. ही गाडी बाजारात आली तेव्हा राजाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती.

तात्या पडवीत वाट बघत होते. राजाचंच म्हणून सांगावं नि मोकळं व्हावं, असं हर्षदच्या मनात येऊन गेलं. पण जीभ रेटेना. त्याने होतं ते हळू आवाजात सांगितलं.

 तात्या म्हणाले, “म्हणजे बाबांनी मला बनवलं.”

दारात उभी असलेली तात्यांची बायको, गोदाकाकी पुढे आली. तिला सगळं ठाऊक होतं. सासूने सांगितलं होतं. सासरे रत्नागिरीच्या एका शेठकडे भाड्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. गाडी मोडीत निघाली तेव्हा शेठकडून त्यांनी इंजिन मागून आणलं. पोराला शाळेत कोणी ड्रायव्हरचा म्हणून चिडवू नये, यासाठी राजाची गोष्ट रचली.

“मला कधी बोलली नाहीस?” तात्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगताना किती खुलायचात,” काकी म्हणाली. “मोडवेना माझ्याच्यानं.”

तात्या उठून विहिरीकडे गेले. ही गाडी चालू कशी करायचे, असं त्यांनी हर्षदला विचारलं. बॅटरी दमली की हँडल मारून, असं सांगत हर्षदने पुढची खाच दाखवली आणि हात फिरवून दाखवला. खांदा भरून यायचा माणसाचा, असंही म्हणाला.

“उजवा?”

“उजवाच.”

“आई रोज रात्री त्यांचा खांदा चोळायची,” तात्या म्हणाले. “मला वाटायचं, रहाट ओढून दुखतो.”

मग विहिरीच्या कठड्यावर बसून ते वडिलांबद्दल बोलू लागले. हर्षदला गॅरेज उघडायचं होतं, पण तो ऐकत बसला.