मांड्यांचं लॅमिनेशन

आमच्या घरात जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये जातं. माझी दहावीची मार्कशीट, रेशनकार्डाची पानं, माझ्या लग्नाची पत्रिका, आईचं मतदार ओळखपत्र. ते मुळातच प्लास्टिकचं होतं, तरी वरून आणखी एक थर. आणि कुणाला पटणार नाही, पण गॅस शेगडीच्या गॅरंटीचा कागदसुद्धा. ती शेगडी कधीच भंगारात गेली. कागद मात्र कपाटात ठणठणीत आहे.

हे सगळं नानांचं. नाना म्हणजे आमचे वडील, लीलाधर पाटील, धुळ्याच्या एका हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या घरी पेटीला वाळवी लागली आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची माती झाली. दुसरा दाखला मिळेपर्यंत कॉलेजचे प्रवेश संपले आणि त्यांचं वर्ष वाया गेलं. ही गोष्ट आम्ही बहिणींनी इतक्यांदा ऐकली आहे, की ती वाळवी आम्हाला नात्यातली वाटते.

बहिणी म्हणजे मी, सारिका, आणि माझ्याहून बरीच धाकटी दीपमाला. घरात तिला माला म्हणतात. मी लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये राहते आणि एका बँकेत काम करते. माला यंदा बारावी झाली. ती इंजिनिअरिंगला जाणार हे घरात कुणी बसून ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. मालाने मात्र कुणाला न सांगता पुण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनच्या पदवीसाठी अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली, पास झाली आणि मग सांगितलं. आमच्या घरात सांगायची हीच रीत बरोबर आहे, मीही लग्नाच्या वेळी असंच केलं होतं.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"कार्टून काढाले कालेज लागस का?"

तेवढंच. हो पण नाही, नाही पण नाही. नाना ओरडत नाहीत. ओरडले असते तर आम्हाला भांडता तरी आलं असतं. पुढची पायरी म्हणजे मुलाखत, आणि मुलाखतीला घरातलं कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं, असं कॉलेजने कळवलं होतं. त्यावर नाना म्हणाले, "सारिका जाई तुन्हासंगे," आणि बाजारात निघून गेले.

मी जाऊ शकत होते, रजेचं बघता आलं असतं. पण मालाला मी नको होते. तिला पुण्याला जायचं होतं आणि नानांनी "जा" म्हटल्यावर जायचं होतं. मी तिला म्हटलं की एक तरी मिळेल, त्यात समाधान मान. ती माझ्यावर दोन दिवस चिडून होती.

बारावीची परीक्षा संपल्यावर ती मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे मेहरूणला येऊन राहिली. आमच्या गल्लीत कुंदन नावाचा एक जण लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तो पुण्याला हेच शिकून आलेला. त्याने तिला सांगितलं, की कॉम्प्युटर ते लोक तिथे शिकवतील, मुलाखतीत बघतात तो हात आणि डोळा. एकच हालचाल पातळ कागदांवर एकामागून एक चित्रं काढून दाखवायची. परीक्षक तो गठ्ठा हातात घेतात आणि अंगठ्याने कागद भराभर सोडतात. चित्र हललं तर तुम्ही पास, नाही हललं तर घरी.

मग माझ्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. दोन पाटांवर खिडकीची जुनी काच, खाली दिवा, काचेवर कागद, म्हणजे खालच्या कागदावरचं चित्र वरून दिसतं आणि पुढचं त्याच्यापेक्षा किंचित वेगळं काढता येतं. कागद सरकू नयेत म्हणून कडेला भोकं पाडून ती खिळ्यांत अडकवायची. आम्ही नवरा-बायको महिनाभर ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

हालचाल तिने निवडली ती आईची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे आमरसासोबत मांडे लागतात. धुळ्याच्या घरी मागच्या अंगणात चूल पेटते, तिच्यावर मातीचं खापर पालथं पडतं आणि आई पुरण भरलेला कणकेचा गोळा हातांवर घेते. लाटणं नावाला. बाकी सगळं हातांवर. मांडा या हातावरून त्या हातावर जात जात मोठा होतो, मनगटाच्या खाली उतरतो, कोपरापर्यंत येतो, आणि मग एका झटक्यात खापरावर. यंदा आखाजीला आम्ही सगळे रस ओरपत होतो आणि माला मात्र चुलीसमोर वही घेऊन बसली होती.

"मांडा देख ना, मना हात काय देखस?" आई वैतागली.

मालाचं म्हणणं असं, की हात आधी हलतो आणि कणीक मागून येते. हात थांबला तरी कणीक थांबत नाही, ती अजून थोडी खाली जाते आणि मग परत वर येते. हे मागून येणं जमलं तर मांडा जड वाटतो, नाही जमलं तर तो रुमाल होतो. तिचे पहिले दोन गठ्ठे रुमालाचेच झाले. तिसरा तिने माझ्या हातात दिला आणि मी अंगठ्याने कागद सोडले. माझ्या हातात आईचे हात हलले. कणीक लोंबली, डुलली आणि उडून खापरावर पडली. मला रडू आलं. मी बँकेत कर्जाच्या फाइली तपासते, मला सहसा कशाने रडू येत नाही.

मुलाखत मंगळवारी होती. त्याच्या आधीचा शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टीचा होता; तो धरून मी मालाला घेऊन धुळ्याला गेले, कारण तिची मूळ कागदपत्रं नानांकडे होती. कागदपत्रं लावून देणं हे नानांचं खातं. मनात असो नसो, त्यांनी फाइल तयार केली होती. मालाने तिचा गठ्ठा क्लिप लावून त्याच टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघी मामीकडे जेवायला गेलो.

परत आलो तर टेबल रिकामं. आईला विचारलं, तर नाना काहीतरी घेऊन स्टँडकडे गेलेत म्हणाली. थोड्या वेळाने ते आले. घामाघूम झालेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाडजूड गठ्ठा. एवढं खूश मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

"ले," ते मालाला म्हणाले. "आते पानी पडो का वाळवी लागो, काहीच व्हवाव नही."

त्यांनी सगळी चित्रं लॅमिनेट करून आणली होती. एकेक कागद वेगळा. स्टँडजवळच्या सुकदेवच्या दुकानात स्वतः समोर बसून, क्रम चुकू न देता. सुकदेवने कडाही छान सरळ कापून दिल्या होत्या. त्या कडांसोबत भोकं गेली.

मालाने गठ्ठा हातात घेतला आणि अंगठ्याने सोडून पाहिला. कागद आता पत्र्यासारखे ताठ झाले होते. ते एकमेकांवरून घसरले आणि खळखळत फरशीवर पसरले. आईचे हात सगळ्या खोलीभर पडले होते आणि एकही हलत नव्हता.

"चांगलं दिखस ना?" नानांनी विचारलं.

"छान दिसतंय, नाना," माला म्हणाली आणि खाली बसून गोळा करू लागली.

मला एवढा संताप आला होता, की मी तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना. मालाने माझा हात धरला.

"ताई, नको ना. त्यांनी पहिल्यांदा माझ्या चित्रांना हात लावलाय. हे 'हो'च आहे त्यांचं. आता जर त्यांना कळलं की त्यांच्यामुळे वाटोळं झालं, तर ते पुन्हा या भानगडीत पडणार नाहीत."

ते खरं होतं. नाना एकदा तोंडघशी पडले की त्या वाटेला परत जात नाहीत. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं. फोनवर त्या चित्रांचा व्हिडिओ होता, पण कुंदनला फोन केला तर तो म्हणाला, की मुलाखतीत मूळ चित्रं हातात लागतात, व्हिडिओ कुणाचाही असू शकतो. वरून कागद ठेवून गिरवून घे, असं मी सुचवलं. मालाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय सोडला. गिरवलेली रेघ मेलेली असते म्हणे.

रविवारी सकाळी तिने आईला मांडे करायला सांगितलं.

"आखाजी व्हयी गयी ना व माय, आते कसाना मांडा?"

पण आईने केले. जास्त विचारलं नाही, चूल पेटवली, पुरण वाटलं. मला वाटतं तिला कळलं होतं. माला मागच्या अंगणात बसली आणि आई एकेक गोळा उचलायला लागली. धुराने म्हणा की वासाने म्हणा, पुढच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे नाना मागे आले. दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "हाईच चित्रं ते शेतच ना? मंग परत काब्र काढस ती?"

माला काढत राहिली. आणि मी, कुणाला काही न सांगायचं कबूल केलेली, सगळं सांगून टाकलं. कागद पातळ का लागतो, अंगठ्याने कसा सोडतात, सुकदेवने काय कापून टाकलं. चढ्या आवाजातच सांगितलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

नाना मालाकडे गेले आणि हात पुढे केला. तिने सकाळपासून काढलेले कागद त्यांच्या हातात दिले आणि त्यांचा अंगठा कडेवर ठेवून दिला. त्यांनी सोडले. आईचा हात उचलला गेला, कणीक मागून आली, खाली उतरली आणि कागद संपले.

नानांनी परत सोडले. मग आणखी एकदा. समोर खरी आई उभी होती, हातावर खरा मांडा होता, पण ते कागदाकडेच बघत होते.

"अन् पुढे?"

"पुढचं अजून काढायचंय."

ते चुलीजवळच्या पाटावर बसले. मी त्यांना चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस म्हणून ओळखते. चूक झाली तर ती कुठे झाली हे ते सांगतात, लपवत नाहीत. तसंच ते बोलले, मालाकडे न बघता.

"मले वाटनं, तुन्हा नंबर काय लागाव नही. मंग हाई चित्रं तरी घरमा ऱ्हातीन. खराब व्हवाले नको म्हनीसन करं."

मला समजायला एक क्षण लागला. ज्याला आम्ही दोघी काल दुपारपासून 'हो' समजत होतो, ते 'हो' नव्हतंच. मुलगी पुण्याहून हात हलवत परत येईल, इंजिनिअरिंगला जाईल, आणि तिला कधीकाळी चित्रं येत होती याची आठवण कपाटात राहील, म्हणून त्यांनी ती जपली होती. जे संपलं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांनी नीट बांधून ठेवलं होतं. यात कपट नव्हतं, म्हणूनच मला ते जास्त लागलं. मालाचं तर काय झालं असेल.

माला रडली नाही. हातातली पेन्सिल तिने तशीच धरून ठेवली होती.

"नाना," ती म्हणाली, "मी परत यायला चालले नाहीये. सुट्टीत येईन."

खापरावरचा मांडा करपायला लागला आणि आईने स्वतःशीच बडबडत तो उचलून बाजूला टाकला. नाना हातातल्या कागदांच्या कडा गुडघ्यावर आपटून सारख्या करत बसले, ऑफिसात करायचे तशा. खूप वेळ केल्या. मालाने कोरा कागद घेतला आणि आईकडे पाहिलं. आईने दोन्ही हात पदराला पुसले, म्हणाली की आता खांदे भरून आले, बस झालं.

"आखो एक कर व," नाना म्हणाले. "पोरनं काम अर्धंच ऱ्हायेल शे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग गोळा उचलला. माला लगेच खाली वाकली आणि काढायला लागली. तिचे खांदे हलत होते, पण रेघ सरळ येत होती, मी बघितली.

थोड्या वेळाने तिने पहिला कागद बाजूला ठेवला. नानांनी तो उचलला, गठ्ठ्यात लावला आणि वर दोन्ही हात ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून, तसेच बसून राहिले. मग मान न वळवता मला म्हणाले, "सारिका, मंगळवारले तू रजा टाकू नको. पुन्याले मी जासू."