थोरली, मधली, धाकटी

त्या रविवारी बाबांनी आईचं शिलाई मशीन खोललं होतं. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरून, त्यावर स्टीलचे तीन वाडगे मांडून ते पाटावर बसले होते. वाडग्यांत रंगाच्या दुकानातून आणलेलं टर्पेंटाइन होतं. मशीनचा एकेक भाग ते पहिल्या वाडग्यात ब्रशने घासत, दुसऱ्यात खळबळत आणि तिसऱ्यात नुसता बुडवून बाहेर काढत.

"माझे खिरीचे वाडगे घेतलेत ना?" आई आतून म्हणाली.

"जुने घेतलेत."

"जुने म्हणजे माझ्या लग्नातले."

"मग जुनेच की, मालन."

आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. बाबा माझ्याकडे बघून हसले. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसले होते.

"विठ्ठलवाडीच्या कारखान्यातल्या टाक्या बसल्या का गं, सोनल?"

"बसल्या. एक तारखेपासून चालू."

"आणि सांगितलंस ना त्यांना? हे गोविंदाचं आहे म्हणून?"

"हो बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि एक स्क्रू उजेडात धरून निरखला. मी सांगितलं नव्हतं.

शेवटी पहिल्या वाडग्यातलं काळं टर्पेंटाइन त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं आणि झाकण लावून बरणी कोपऱ्यात ठेवली. "बसू दे रात्रभर. वरचं नितळ उद्या काढून घेतो. मशीनपण उद्याच जोडतो." धुतलेले भाग त्यांनी आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळले, हात भुसा आणि साबणाने धुतले, आणि जेवायला बसले. आमटीत मीठ कमी होतं, ते त्यांनी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला दूध घेऊन परत येताना ते दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसले. दुधाची पिशवी त्यांनी नीट पायरीवर ठेवली होती. रिक्षा दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाबा एकाहत्तर वर्षांचे होते.

मी ठाण्यात एका सल्लागार कार्यालयात काम करते. छोट्या कारखान्यांना कचरा कमी कसा करायचा हे आम्ही सांगतो. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग तेलाने आणि लोखंडाच्या किसाने माखलेला असतो; तो धुतल्याशिवाय पुढे जात नाही. ज्यात धुवायचा तो द्रव घाण झाला, की तो घातक कचरा. तो नाल्यात किंवा जमिनीत सोडायचा नाही, ड्रममध्ये साठवून परवाना असलेल्या गाडीनेच पाठवायचा. म्हणून मुळात द्रवच कमी घाण व्हावा, जास्त दिवस पुरावा, हे पाहायचं. हे मी पुढे पुस्तकांतून वाचलं, पण शिकले त्याआधीच, ठाण्यातल्या कोलशेतला.

बाबा तिथल्या एका कंपनीत धुलाई खात्यात होते. त्यांच्या शर्टाला रॉकेलचा वास यायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी तो वास कपाटापर्यंत पोहोचायचा. संध्याकाळी बेल वाजायच्या आधी जिन्यात वास आला, की मी दार उघडायला धावायचे. आता रॉकेल कुठे मिळत नाही, आणि तो वास अचानक नाकाशी येण्याची शक्यताही उरलेली नाही. याची मला इतकी खंत वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा गेले. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. बाबांच्या खात्यात मात्र यंत्र नव्हतंच. पत्र्याच्या तीन चौकोनी ट्रे होत्या, ओळीने मांडलेल्या, आणि त्यांनाही माळा होत्या. प्रत्येकीवर खडूने नाव लिहिलेलं होतं: थोरली, मधली, धाकटी.

"काम, म्हणजे धुवायचा भाग, आधी थोरलीत," बाबा मला समजावत होते. "ती सगळ्यांत मळकी. तिला सवय आहे. मग मधली. धाकटीत शेवटी, नुसती आंघोळ. धाकटीत आधी हात घालायचा नाही."

"आणि थोरली फारच मळली तर?"

"तर तिला ड्रममध्ये विश्रांती. गाळ खाली बसतो, वरचं नितळ पुन्हा कामाला येतं. मग मधली थोरली होते, धाकटी मधली होते. नवं रॉकेल फक्त धाकटीला."

"म्हणजे धाकटी मोठी होते?"

"सगळ्यांचंच तसं असतं."

बाजूला त्यांचे जोडीदार उभे होते, गोविंदा भोईर. कोलशेतचेच, पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी मीठ पिकवणारं घर. ते म्हणाले, "पोरी, काम मी करतंय न तुजा बापूस नुस्ती नावां ठेवतंय."

दोघंही मोठ्याने हसले. मला तो विनोद बऱ्याच वर्षांनी कळला.

त्याआधी खात्यात एकच मोठी ट्रे होती. रॉकेल काळं झालं की मागच्या मोकळ्या जागेत ओतून द्यायचे. तिथे गवतही उगवत नसे. एक दिवस गोविंदाकाका ओतायला गेलेल्याच्या हातातली बादली धरून म्हणाले होते, "आमचे आगरान पानी कदी फेकतान का?" खाडीचं पाणी मिठागराच्या एका खणात तापतं, गाळ तिथेच बसतो, मग ते पुढच्या खणात सोडतात, तिथून त्याच्या पुढच्या. फेकत काहीच नाहीत. त्यांनी तेच रॉकेलला लावलं, आणि बाबांनी साहेबांकडून आणखी दोन ट्रे मागून आणल्या. वर्षभरात ओतून देणं बंद झालं.

ही गोष्ट बाबा किती जणांना सांगायचे! पाहुण्यांना, माझ्या मैत्रिणींना, गॅसचा बर्नर साफ करताना शेजाऱ्यांना. प्रत्येक वेळी शेवट एकच: "हे गोविंदाचं. मी फक्त नावं ठेवली." गोविंदाकाका गेल्यावर तर ते न चुकता म्हणू लागले.

विठ्ठलवाडीच्या कारखान्याला हीच पद्धत सुचवताना मी माझ्या सादरीकरणात टाक्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिले. पहिल्या पानावर लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि त्याखाली माझं. आमच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, सोनल, फार साधं आणि फार हुशार आहे हे. तेव्हाच बोलता आलं असतं. थोरली-धाकटी हे शब्द त्या खोलीत, त्या पडद्यावर शोभणार नाहीत असं मला वाटलं. नंतर बोलायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण राहून गेलं नव्हतं. मी बोलले नव्हते.

बाबांना जाऊन दीड महिना झाला तेव्हा विठ्ठलवाडीहून रतनचा फोन आला. तो तिथला सुपरवायझर.

"मॅडम, राग मानू नका, पण तुमचं ते तीन टाक्यांचं काय खरं नाय. पहिले महिन्याला दोन ड्रम कचरा निघायचा. आता साडेतीन. शेठ बोलतात जुनी टाकीच लावा."

त्याच सकाळी तिकडे निघताना मी गॅलरीतली बरणी उचलली. तळाशी बोटभर काळा गाळ, वर फिकट पिवळं, आरपार दिसणारं टर्पेंटाइन. आईने इतके दिवस तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. मशीनही तसंच सुटं, साडीच्या तुकड्यात.

"आई, ही नेऊ का? दाखवायला?"

तिने बरणीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. "ने. पण धक्का लावू नकोस. त्यांनी बसू दे म्हणून सांगितलंय."

कारखान्यात धुलाईवर कल्पिता नावाची मुलगी होती. मी तिला रोजच्यासारखं काम करायला सांगितलं. तिने नव्या द्रवाचा डबा उचलला आणि थेट पहिल्या टाकीत ओतला.

"अगं, एक नंबरमध्ये का?"

तिने डबा खाली ठेवला. "नवीन माल ना, मॅडम? मग एक नंबरलाच जाणार ना. एक नंबर म्हणजे बेस्ट."

"आणि तीन नंबर?"

"तीन नंबर म्हणजे..." तिने नाक मुरडलं. रतनला हसू आवरेना.

म्हणजे सगळं उलटं चाललं होतं; माझ्या हिशेबात एक नंबर ही थोरली होती. तेलकट भाग नव्या द्रवात बुडत होते आणि शेवटी सगळ्यांत मळक्या टाकीतून निघत होते, गेले त्याहून काळे. मग पुन्हा धुणं, पुन्हा नवा डबा, पुन्हा ड्रम. चूक तिची नव्हती. बाबांनी दिलेली नावं मी पुसली होती, आणि माझे आकडे तिने जगात जसे वापरतात तसे वाचले होते.

मी खडू मागितला. टाक्यांवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसले आणि एकेक नाव लिहिलं. कल्पिता वाचत गेली. "थोरली... मधली... धाकटी." मग म्हणाली, "अच्छा! म्हणजे घाण काम थोरलीने करायचं. आमच्या घरी पण सेम. मी थोरली."

सगळे हसले. रतन म्हणाला, "हे भारी आहे, मॅडम. हे पण तुमचंच डोकं?"

बरणी टेबलावर होती. रिक्षात ती थोडी ढवळली होती. मांडीवर घट्ट धरूनही गाळाचा एक धागा वर आला होता. तो हळूहळू खाली उतरत होता.  प्रश्न विचारून रतन थांबला होता, आणि आठ-दहा माणसं मी बोलायची वाट बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "हे माझं नाही. हे गोविंदा भोईर यांचं आहे, कोलशेतचे. त्यांच्या मिठागरातून आलंय. नावं माझ्या वडिलांनी दिली, उत्तम नलावडे. ते तीस वर्षं याच कामावर होते. मी तुम्हाला हे आधी सांगितलं नाही. आणि वडिलांना मात्र खोटंच म्हणाले, की तुम्हाला सांगितलंय."