पाणी मुरतंय कुठं

चष्मेवाल्यांनी दुकान मुलाच्या हाती सोपवलं आणि त्यांचे स्वतःचे हात रिकामे झाले. आयुष्यभर काचा पुसलेला माणूस. मऊ फडकं बोटाला गुंडाळून मधून कडेकडे गोल गोल फिरवायची सवय अशी अंगवळणी पडलेली, की घरात चकाकण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी महिन्याभरातच चकाकवून टाकलं. आरसे झाले, नळ झाले, दारांच्या कड्या झाल्या, सून जेवायला बसली असताना तिच्या फोनची काचही झाली. मग त्यांची नजर गाडीवर गेली आणि घरानं सुटकेचा निःश्वास टाकला.

दर रविवारी सकाळी अंगणात गाडीची आंघोळ सुरू व्हायची. आधी साधं पाणी, मग फेस, मग पुन्हा पाणी आणि सगळं कोरडं झालं की मेणाचं पॉलिश. तेही कसं, तर दारांच्या खालच्या कडांनासुद्धा, जिथं मांजराशिवाय कुणाची नजर जात नाही. शेजारी विचारायचे, या गाडीत बसायचं असतं की हिच्यात बघून भांग पाडायचा असतो?

पहिला फटका सुनेला बसला. सोमवारी ऑफिसला निघताना तिनं गाडीचं दार उघडलं, तर दाराच्या उंबरठ्यावर पाण्याचं तळं. ते तसंच घरंगळत तिच्या बुटात उतरलं. पुसायचं राहिलं असेल म्हणून चष्मेवाल्यांनी मनावर घेतलं नाही. पण पुढच्या सोमवारी तेच झालं. शिवाय आता वळणावर दारातून आवाज यायला लागला, अर्धी भरलेली घागर कडेवर घेऊन कुणी धावावं तसा. मुलगा म्हणाला, गॅरेजमध्ये दाखवू. चष्मेवाल्यांनी साफ नकार दिला. तिथल्या मेकॅनिकनं एकदा पुढच्या काचेवर तेलकट पंजा टेकवला होता आणि ती गोष्ट त्यांच्या मनातून अजून पुसली गेली नव्हती. त्यांचं निदान ठरलेलं होतं: दाराभोवतीचं रबर. त्यांनी रबर बदललं. पाणी आलंच. रबरावर चिकटपट्टी लावली. पाणी चिकटपट्टीसकट आलं.

शेवटी त्यांनी बायकोला आत बसवायचं ठरवलं.

बायकोला सगळी गल्ली ऑपरेटरबाई म्हणायची. पूर्वी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर याची तार त्याला आणि त्याची याला जोडून द्यायच्या. ते एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, पण घरातलं चालूच होतं. मुलाला बापाशी काही बोलायचं असलं की तो आईला सांगायचा. बापाला मुलाचं दुकान चालवणं पटलं नाही की तोही तिलाच सांगायचा. सुनेला सासऱ्यांना फोनला हात लावू नका म्हणायचं असलं, तरी ती लाइन सासूबाईंकडूनच जायची. दारावरची बेल, कुकरची शिटी, अहो, अगं आणि आई यांत बाईंचे दोन कान कधी मोकळे नसत.

त्यामुळे बंद गाडीत बॅटरी घेऊन बसायचं आणि पाणी कुठून शिरतं ते बघायचं, हे काम त्यांनी तोंड वाकडं करूनच पत्करलं. काचा वर झाल्या. दारं लागली. चष्मेवाल्यांनी पाइप सोडला.

आणि बाईंना काही ऐकू येईनासं झालं.

म्हणजे पाण्याचा आवाज होता, टपावरून धो धो वाहणारा, पण तो आवाज त्यांच्याकडे काही मागत नव्हता. काचेपलीकडं नवरा धूसर दिसत होता. त्याचं तोंड हलत होतं, शब्द पोचत नव्हते. बाईंनी बॅटरी मांडीवर ठेवली, मान मागं टेकली आणि डोळे मिटले. काचेवर टकटक झाली तेव्हा त्यांना वाटलं, आत्ता तर बसले होते.

"दिसलं का काही?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नीट कळलं नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत बघू. जरा सावकाश मारा पाणी."

पुढच्या रविवारी त्या उशी घेऊन गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी थर्मासमध्ये चहा, दोन संत्री आणि वाचायला कादंबरी. चष्मेवाल्यांना बायकोचा हा उत्साह बघून भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या कुठल्याच कामात तिनं इतका रस घेतला नव्हता.

खरं तर तिसऱ्याच रविवारी बाईंना सगळं उमगलं होतं. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखणारा कान तो. पाणी काचेवरून घरंगळतं आणि काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतं, हे त्यांनी ऐकलं. ते उतरणारच, त्यात रबराचा काही दोष नव्हता. पण उतरलेलं पाणी बाहेर पडल्याचा आवाजच नव्हता. उलट आतला टप टप आवाज हळूहळू जाड होत चालला होता, मडकं भरत आल्यावर होतो तसा. संध्याकाळी त्यांनी वाकून दाराखालून बोट फिरवलं. पाणी निघून जायला खालच्या कडेला भोकं होती आणि प्रत्येक भोक पॉलिशच्या मेणानं लिंपलेलं होतं. नवऱ्यानं प्रेमानं बुजवलेली भोकं ती. डोक्यातली एक पिन काढून टोचली असती तर विषय संपला असता. बाईंनी पिन काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा केसांत खोचली. त्या खोटं काहीच बोलल्या नाहीत. नवरा दर वेळी विचारायचा, वरून गळतंय का? त्या म्हणायच्या, वरून तर दिसत नाही बाई.

असं सुरळीत चाललं असताना विहीणबाई आठवड्याभरासाठी राहायला आल्या.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई, निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं मोजकं, पाठ ताठ, पायात दुधासारखे पांढरे कापडी बूट. दोघी विहिणींचं भांडण कधीच नव्हतं, पण दोघी एकमेकींशी अशा जपून बोलायच्या की ऐकणाऱ्याची मान अवघडावी. चष्मेवाले त्यांना आणायला गाडी घासूनपुसून स्टेशनवर गेले. पहिल्या वळणावर दारातली घागर हिंदकळली. विहीणबाईंनी नुसत्या भुवया वर केल्या. घराशी त्यांनी दार उघडलं तसं उंबरठ्यावरचं गढूळ पाणी थेट पांढऱ्या बुटांवर.

चष्मेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी माफी मागितली, रबराचा सगळा इतिहास सांगितला आणि उद्याच तपासणी करतो, हिला आत बसवतो, असं वचन दिलं.

"मीही बसते," विहीणबाई म्हणाल्या. "दोन डोळ्यांपेक्षा चार बरे."

ऑपरेटरबाई मनातल्या मनात चरफडल्या. घरात एवढ्या खोल्या असताना या बाईला नेमकी हीच जागा हवी होती? पण पाहुण्या विहिणीला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी दोघी मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसल्या, मधे थर्मास. काचा लागल्या, पाणी सुरू झालं. विहीणबाई दाराकडं कान देऊन बसल्या. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते पाठ फिरवून ओळखणाऱ्या त्या. त्यांनी उशीकडं पाहिलं, कादंबरीकडं पाहिलं, अर्ध्या सोललेल्या संत्र्याकडं पाहिलं.

"पाणी मुरतंय कुठं ते तुम्हाला माहितीये," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

ऑपरेटरबाईंच्या हातातलं संत्र्याचं साल खाली पडलं. "दाराखालची भोकं बुजलीत," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याच पॉलिशनं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं तर मला आत कशाला बसवतील?"

टपावर पाणी वाजत होतं. विहीणबाईंनी हळूच पाठीचा ताठा सोडला आणि सीटवर रेलल्या, आणि त्या रेलू शकतात हे ऑपरेटरबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी हात पुढं केला. बाईंनी त्यावर संत्र्याच्या फोडी ठेवल्या.

"माझ्याकडं गाडी नाही," शेवटची फोड तोंडात टाकत विहीणबाई म्हणाल्या. "मी वाचनालयात जाते. पण तिथं सगळे माझेच विद्यार्थी."

काचेवर टकटक झाली. चष्मेवाले बाहेर निथळत उभे होते, कळलं का म्हणून खुणावत होते. ऑपरेटरबाई तोंड उघडणार तोच विहीणबाईंनी काच बोटभर खाली केली आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "अजून खात्री नाही. मागच्या बाजूनं पुन्हा एकदा मारा."

त्या आठवड्यात गाडी चार वेळा धुतली गेली. दुसऱ्या वेळी विहीणबाईंनी स्वतःची उशी आणली. तिसऱ्या वेळी दोघींनी जावई आणि सून या विषयांवर इतकं मोकळं बोलून घेतलं की हसू दाबताना चहा सांडला. चष्मेवाल्यांना बाहेरून दोघींचे गदगदणारे खांदे दिसले. चिंतेनं रडताहेत असं समजून त्यांनी पाण्याचा जोर वाढवला.

विहीणबाई परत जायच्या दिवशी मात्र खेळ आवरता घ्यावा लागला. बॅग ठेवताना ऑपरेटरबाईंची नजर दाराच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथं रंगाला फोड आला होता. नख लावलं तशी खपली निघाली आणि खाली तांबूस गंज दिसला. बाईंना कसंसंच झालं. नवऱ्यानं जीव लावलेली वस्तू आपण कुजत ठेवली, दोन संत्र्यांच्या सुखापायी. त्यांनी केसांतली पिन काढली, नवऱ्याला हाक मारली आणि सगळ्यांदेखत एकेक भोक टोचलं. गढूळ, तपकिरी पाणी धार लावून बाहेर आलं आणि अंगणातून वाट काढत पार फाटकाबाहेर गेलं.

चष्मेवाले त्या धारेमागोमाग फाटकापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "तुला हे कधी कळलं?"

"तिसऱ्या रविवारी."

"आणि तू मला भिजवत ठेवलंस."

"हो," बाई म्हणाल्या. "घरात बसले की सगळे मला हाका मारतात. तिथं कुणी मारत नाही. चुकलं माझं, गाडीला गंज चढला."

चष्मेवाले चिडले असते तर बाईंना बोलायला जागा तरी मिळाली असती. ते चिडले नाहीत. ते खाली बसले, फडक्यानं गंजाभोवतीचा ओलावा टिपला आणि एवढंच म्हणाले की एवढ्याशा फोडाला रंग लावता येईल. विहीणबाईंना त्यांनी स्टेशनवर सोडलं. वाटेत एकही वळण हिंदकळलं नाही, आणि विहीणबाईंनी उतरताना सांगितलं की प्रवास जरा सुना सुना झाला.

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी पाइप जोडला आणि बायकोच्या हातात दिला. आत असं काय आहे ते त्यांना स्वतः बघायचं होतं. ते सीटवर बसले, काचा लावून घेतल्या, हात मांडीवर ठेवले. बाईंनी पाणी सोडलं. जन्मात पहिल्यांदाच त्या गाडी धूत होत्या आणि मजा म्हणजे त्यांना ते आवडत होतं. थोड्याच वेळात आतून काच खाली आली.

"आत करायचं काय असतं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी यावर विचार केला आणि काच पुन्हा वर घेतली. बाईंनी पाहिलं तर ते खरोखरच गप्प बसले होते. फक्त मधूनमधून त्यांचं बोट आतून काचेवर टेकत होतं, बाहेर फेस राहिला होता त्या त्या जागी.