सारंगपाणीची कैरी

अंबलवाणन अय्यांचा नादस्वरम, म्हणजे ती लांबलचक दक्षिणी सनई, देवाच्या रथापुढे घुमू लागला की सारंगपाणी हजर झालाच म्हणून समजा. हा निवृत्त स्टेशनमास्तर उत्सवाच्या दिवसांत स्वतःची गाडी काढून कावेरीकाठी गावोगाव त्यांच्या मागे फिरे. अय्यांना खडीसाखरेचं गरम दूध पाजी, वारा घाली आणि दर चौकात ओरडे, "अय्या, तोडी!" एवढंही चाललं असतं. पण अय्यांची लेक तिलकवती वाजवायला पुढे सरली की त्याचं डोकंच फिरे.

"ए पोरी, बाजूला हो बघू! चाळीस मैल काय तुला ऐकायला आलोय?"

तीन गावांत हेच झालं. गर्दीने त्याची री ओढली आणि तिलकवती मागे नुसता सूर धरून उभी राहिली. आज दौऱ्याचं शेवटचं गाव. आज नाही तर मग थेट पुढचं वर्ष! आणि तिचे अप्पा मात्र चाहत्याला एका शब्दाने दुखवायला तयार नव्हते. तिला दोघांचाही राग आला होता.

सकाळी रथ तेल्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबला. अय्यांची तोडी ऐन रंगात आली आणि सारंगपाणी गर्दीतून घुसत थेट त्यांच्या पुढ्यात उभा ठाकला. हातात तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडींचं ताट. एक फोड त्याने कचकन चावलीसुद्धा.

झालं! अय्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, नादस्वरमची फुंकायची पत्ती लाळेने भिजली, सूर फुसकन विरला. नादस्वरमवाल्यापुढे आंबट खायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मास्तर, अक्कल गहाण ठेवलीत का?" ढोलवाला किंचाळला.

रथापुढचा सूर तुटून कसं चालेल? तिलकवतीने त्या ताटाकडे बघायला नको म्हणून डोळे घट्ट मिटले आणि बापाचा सूर पडला तिथूनच उचलला. मग तिला कसलंच भान उरलं नाही. किती सुख होतं त्यात! डोळे उघडले तेव्हा सारंगपाणी ढसाढसा रडत होता. "अजून! अगं, थांबतेस काय, अजून!"

रथ देवळात परतल्यावर त्याने दुधाचा थर्मास तिच्याच हातात दिला.

"आता पहिला पेला तुझा, अम्मा. अय्या, माझं चुकलं. पण काल तुम्हीच म्हणालात ना, तोडी रंगली की कैरी घेऊन पुढ्यात या, आधी एक खाऊन दाखवा? तुम्ही सांगितल्यावर मी कशाला विचार करतोय!"

तिलकवतीने गर्रकन वळून पाहिलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून शेवटची फोड चघळत होते.