महाराजांनी पाठवलेली पपई

श्यामकांत गुप्ते केंद्र सरकारच्या एका खात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे दत्तमहाराजांना नवस बोलतानाही त्यांनी आधी कच्चा मसुदा केला. बायपास टळून स्टेंटवर भागलं, तर एक वर्ष बेघर लोकांची सेवा करीन. रविवार आणि राजपत्रित सुट्ट्या वगळून.

स्टेंटवर भागलं.

"महाराज पेढ्यांवरही खूश झाले असते हो," मीनाक्षीताई म्हणाल्या. पण श्यामकांत मयूर विहारमधल्या फ्लॅटमधून रोज सकाळी निघून, एका मंदिराच्या ट्रस्टने उड्डाणपुलाजवळ चालवलेल्या रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यात, जायला लागले.

तिथल्या व्यवस्थापक कुमुदिनीजींनी त्यांना पहिल्या दिवशी डाळ वाढायला दिली. प्रत्येकाला समान डाळ मिळावी म्हणून श्यामकांत वाटी नजरेसमोर धरून पातळी तपासत. रांग रस्त्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी चादरींच्या घड्या दिल्या, तर त्यांनी चादरींना नंबर घातले. तिसऱ्या दिवसापासून त्यांना लसूण सोलायला बसवलं.

लसणाच्या टोपलीपाशी आधीपासून एक म्हातारे बसलेले असत. सगळे त्यांना ताऊ म्हणत. लसूण सोलताना ताऊ कधीच बोलत नसत. श्यामकांतांना ते सोयीचं वाटलं, कारण पत्र्याच्या त्या खोलीत मोबाईलला रेंज यायची ती नेमकी त्याच कोपऱ्यात. रोज साडेअकराला ते बायकोला फोन लावत आणि मराठीत मन मोकळं करत. आजूबाजूला सगळे बिहारचे, यूपीचे, बंगालचे. कुणाला काय कळणार?

"अगं, इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आणि तो मिशीवाला आहे ना, तो पोळ्या घेतो त्या जप्तीला आल्यासारख्या. कुमुदिनीबाई अगदी हेडमास्तरीण. तुझी बहीण अजून रुसलेलीच का? हो, गुडघे दुखतायत, जमिनीवर बसवत नाही. आणि पोट? विचारू नकोस. आज चौथा दिवस."

दुसऱ्या दिवशी चहात आलं होतं. टोपलीजवळ एक स्टूल ठेवलेलं होतं. आणि जेवणाआधी तो मिशीवाला, म्हणजे रामसेवक, कापलेल्या पपईची ताटली घेऊन समोर उभा राहिला. "खा लीजिए साहब. आराम मिलेगा."

श्यामकांतांच्या अंगावर काटा आला. त्यांनी लगेच फोन लावला.

"मीनाक्षी, महाराजांनी पपई पाठवली!"

"महाराज पपई कशाला पाठवतील?"

"मग यांना कळलं कसं? मी तर फक्त तुझ्याशी बोललो होतो!"

त्यानंतर हे होतच राहिलं. पंखा कटकट करतो म्हणाले, पंख्याला तेल मिळालं. डाळीत हिंग नाही म्हणाले, हिंग आला. श्यामकांतांची श्रद्धा इतकी वाढली की ते फोनवर बायकोला सोडून थेट महाराजांशीच बोलू लागले. मीनाक्षीताई तेवढ्यात भाजी चिरून घेत.

आठ महिने झाल्यावर त्यांनी लक्ष्मीबाई नगरच्या भजनी मंडळात या अनुभवावर चाळीस मिनिटं भाषण केलं. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब चिकित्सक स्वभावाचे. "मला बघायचंय," ते म्हणाले.

गुरुवारी भाऊसाहेब आले. श्यामकांत स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि फोन कानाला लावून खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, आज साजूक तुपातला शिरा मिळाला तर भाऊसाहेबांचीही खात्री पटेल!"

ताऊंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली.

"साहेब, रवा संपलाय," ते म्हणाले. "उद्या बघू."

भाऊसाहेबांनी हात जोडले. त्यांना वाटलं, महाराजच बोलले. श्यामकांतांनी मात्र डोळे उघडले आणि ते ताऊंकडे वळले.

"तुम्ही... मराठी?"

"तात्याराव म्हणायचे मला. चाळीसगावचा. ट्रकवर क्लीनर होतो. ट्रक गेला, मी राहिलो. तात्याचं इथं ताऊ झालं."

"किती कळतं तुम्हाला?"

"सगळं."

"आणि या बाकीच्यांना?"

"जेवण झालं, तुम्ही गेलात, की मी सांगतो ना. टीव्ही बंद आहे होळीपासून."

तेवढ्यात रामसेवकने पलीकडून विचारलं, "साहब, आपकी साली साहिबा मान गईं कि अब भी नाराज़ हैं?"

श्यामकांतांचे कान लाल झाले. "अहो, मग आठ महिने बोलला का नाहीत?"

तात्याराव थोडे ओशाळले. "एकवीस वर्षांत मराठी कानावर पडली नव्हती, साहेब. मी बोललो असतो तर तुम्ही गप्प झाला असता. तुम्ही नावं ठेवत होता, पण मराठीत ठेवत होता."

श्यामकांत उठले, स्टूल नीट भिंतीला लावलं आणि घरी गेले. रविवार धरून तीन दिवस ते कुठे गेले नाहीत. रामसेवकला जप्तीवाला म्हटलं होतं, कुमुदिनीजींना हेडमास्तरीण. एका बंगाली आजोबांच्या घोरण्याची तर त्यांनी फोनवर नक्कल करून दाखवली होती.

चौथ्या दिवशी मीनाक्षीताईंनी साडी बदलली आणि चपला घातल्या. "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते. मला तो मिशीवाला बघायचाच आहे."

श्यामकांत मागोमाग गेले. त्या आत शिरल्या तशी अख्खी खोली उभी राहिली.

"नमस्ते मीनाक्षीजी! कमर कैसी है?"

मीनाक्षीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "बघा. घरात कुणी विचारत नाही." मग प्रत्येकाला त्यांनी कंबरेचं सविस्तर सांगितलं. तात्यारावांना त्या म्हणाल्या, "मी पाचोऱ्याची," आणि दोघांची जी गाडी सुटली ती भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी करत तासाभराने थांबली. श्यामकांत गुपचूप लसूण सोलत होते.

शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. हिंदीत. लिहून आणलेली, तीन परिच्छेदांची. रामसेवक दुसऱ्या परिच्छेदात म्हणाला, "साहब, मुझे तो जब्ती वाला अच्छा लगा. रौब है उसमें." बंगाली आजोबांना तर ती घोरण्याची नक्कल समोर हवी होती. श्यामकांतांनी करून दाखवली. "एकदम ठीक," आजोबांनी शेरा दिला.

त्यानंतर श्यामकांतांनी तिथून फोन करणं बंद केलं. आठवडाभरात कुमुदिनीजी त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "गुप्ते साहब, एक रिक्वेस्ट है. दोपहर में सब बोर हो रहे हैं. झगड़े भी बढ़ गए हैं. आप फिर से फोन शुरू कीजिए ना."

आता साडेअकराला फोन स्पीकरवर लागतो. मीनाक्षीताई आदल्या दिवशीच मुद्दे काढून ठेवतात आणि बहिणीबद्दल बोलताना आवाज मुद्दाम चढवतात. तात्याराव प्रत्येक वाक्याचं हिंदी करतात आणि थोडं पदरचंही घालतात. श्यामकांत दर दोन वाक्यांनी "असं नाही म्हणाली ती!" म्हणून हरकत घेतात. ती कुणी मनावर घेत नाही.

नवसाचं वर्ष मार्चात संपलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि श्यामकांत नेहमीसारखे लसणाच्या टोपलीपाशी हजर होते. मीनाक्षीताईंची बहीण त्या दिवशी पुण्याहून येणार होती, आणि रैनबसेऱ्यात सकाळपासून सगळे विचारत होते, गाडी वेळेवर आहे का.