थाळीवर अर्धी राहिलेली सोमी

मित्रांनो, मी काशाची थाळी आहे. जुनी आहे, कडेला चेपलेली आहे, पण माझ्यात कधी कोणी जेवलं नाही. मी गोष्ट सांगणारी थाळी आहे.

पोशेरा गावच्या तुकाच्या बापाने मला बाजारातून आणलं. तुकाने माझ्या मधोमध मेण थापलं आणि त्यात एक लांब काडी उभी केली. काडीवरून बोटं खाली ओढली की मी गुणगुणते. त्या आवाजावर तुका देवांच्या कथा गायचा, आणि कोणी मेलं की त्याची वाट गायचा. घरातून निघालेला जीव बांधावरून, जंगलातून, नदी ओलांडून पूर्वजांच्या गावाला पोचेपर्यंत. समोर एक जण 'हं' म्हणायला बसायचा. बहुतेक वेळा तुकाचा लहानगा नातू तुषार. त्याचं 'हं' थांबलं की तुका ओरडायचा, "झोपलास काय रं? त्याला वाटेत उभा करून झोपतोस?" कथा अर्धी सोडायची नाही, एवढा एकच कायदा.

एकदा शहरातल्या कार्यक्रमात मला हार घातला. माईकवाला म्हणाला, पाच मिनिटांत आटपा. मेलेला माणूस पाच मिनिटांत पोचतो होय? टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या लेकाच्यांनी.

मग तुका गेला. त्याची वाट खोडाळा गावच्या जिवा नावाच्या थाळीवाल्याने येऊन गायली. पुढे जिवाचे पाय गेले आणि वाजवणारं कोणी उरलं नाही. तुकाच्या सुनेने, राहीने, मला कोंड्याच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवलं. तिचा मला राग नाही. कोंबड्यांना आवरायला झाकण लागतंच. राग आहे तो गप्प बसण्याचा. त्याच वर्षी शेजारच्या फागीची लेक सोमी वसईकडे वीटभट्टीवर तापाने गेली. तिकडेच अग्नी दिला. तिची वाट कोणी गायली नाही. फागी यायची, माझ्यावरून हात फिरवायची आणि जायची. त्या हाताखाली गुणगुणावंसं वाटायचं. पण थाळी आपली आपण वाजत नाही, मित्रांनो.

मोठा होऊन ठाण्याला गेलेला तुषार यंदा प्रोजेक्टर घेऊन आला. जपानी भुताचा एक सिनेमा हिंदीत पुन्हा काढलेला, तो गावाला दाखवायचा आणि माणसं किंचाळताना मोबाइलवर टिपायची, असा त्याचा बेत. भर दुपारी आमच्याच घरात दाराखिडक्यांना घोंगड्या लावल्या. माणसं दाटीवाटीने बसली.

भिंतीवर एक ओसाड बोगदा दिसला. आत एक मेलेली पोर, तोंडावर ओले केस. तिची हाक ऐकेल तो मरतो. पोरीने हाक मारली आणि म्हाताऱ्या पांड्याने शांतपणे उत्तर दिलं, "हं."

मागून चार जण म्हणाले, "हं."

तुषार वैतागला. "अरे, हं काय? घाबरा ना जरा!"

"कशाला?" पांड्या म्हणाला. "बोहाड्याला मुखवट्याचा राक्षस नाचत येतो, त्याला आपण ओवाळतो. ही तर पोर हाय."

फागी म्हणाली, "केस बघ तिचे. तेल लावाय कोणी नाय तिला."

शेवटी एक नवी गाडी बोगद्यात शिरली, पोरीने मान वर केली, आणि भिंत पांढरी झाली. मित्रांनो, माणसं घाबरली ती तेव्हा. कोणी उठेना.

"पुढं?" पांड्याने विचारलं.

"पुढं काय? संपला."

"आन् पोर? तिथंच?"

"असंच असतं काका, भुताच्या सिनेमात."

जपानच्या लोकांना ती तिथे का बसलीय ते कळत असेल. त्यांच्याही आज्यांनी काही सांगितलंच असेल. या नक्कल करणाऱ्यांनी तिचे केस आणले, पांढरा झगा आणला आणि तिची वाट तिकडेच टाकून दिली. माझं काळीज काशाचं, तरी मी संतापले.

फागी उठली. तिने मला टोपलीवरून उचलून तुषारपुढे ठेवलं. "काढ तिला बाहेर."

"आजी, मला कुठं येतं?"

"आज्याम्होरं कोण बसायचं? मी?"

तुषारने मोबाइल खाली ठेवला. चुलीशी धरून माझं तडकलेलं मेण मऊ केलं, काडी रोवली. आधी मी नुसती खरखरले. मग आवाज लागला. त्याने पोरीला बोगद्याबाहेर काढलं, उन्हात आणलं. माणसं 'हं' म्हणू लागली.

फागी हळूच म्हणाली, "सोमी म्हण."

 तुषारने पोरीच्या जागी सोमीचं नाव घेतलं. सोमी भट्टीवरून निघाली, बांधावर आली, जंगलात शिरली. फागीचं 'हं' सगळ्यांत मोठं होतं. आणि तुषारची बोटं काडीवर अडली.

"आजी, पुढचं येत नाय. इथं मला झोप लागायची."

कोणी हसलं नाही.

"कुठं हाय ती?" फागीने विचारलं.

"नदीच्या अलीकडं."

फागीने पदराने नाक पुसलं. "मंग सावलीत बसव तिला. पाणी दे. आन् खोडाळ्याला जा, जिवाकडं. तो हाय अजून."

आज मी टॉवेलात गुंडाळून तुषारच्या मांडीवर आहे. खोडाळ्याची जीप सीटा भरेपर्यंत थांबलीय. मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका, हार तर मुळीच घालू नका. मला मेण लावा, आणि जागे राहा. जिवा फार थकलाय. त्या जीपवाल्याला सांगा कोणीतरी, सीट भरायची वाट बघू नको, हाक गाडी. नदीच्या अलीकडं आमची पोर बसलीय.